कापूसकोंड्याची वंशावळ

कापूसकोंड्याची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. ऐकणारा हो म्हणो की नाही म्हणो, सांगणारा त्याचेच शब्द परत करून पुन्हा विचारणार, गोष्ट सांगू का? आमच्या मंगरूळपीरकडे कापूस भरपूर, पण हा कापूसकोंडा मला यंदा संगणकात भेटला!

पुण्याचा आमचा नातू घराण्याची वंशावळ करतो आहे. प्रोग्राम सी++ मध्ये लिहिलेला. एमस्क्रिप्टनने त्याचे वेबअसेंब्लीत रूपांतर केले की तो ब्राउझरमध्ये चालतो. थोड्या नावांवर छान चालला. सगळी नावे भरली आणि कोसळला. स्टॅक ओव्हरफ्लो!

स्टॅक म्हणजे चळत. एखाद्याचा मूळ पुरुष शोधायचा तर आधी वडिलांचा शोधा, त्यासाठी आजोबांचा. दर वेळी हातातले काम अर्धे सोडून त्याचा कागद चळतीवर ठेवायचा. या चळतीला जागा ठरलेली असते. एमस्क्रिप्टनने २०२२ मध्ये ती मुळातच ५ एमबीवरून ६४ केबीवर आणली, म्हणून नातवाने ती वाढवली. तरी तेच!

मी म्हटले, "अरे, आपल्या पिढ्या जेमतेम नऊ. नऊ कागदांना जागा पुरत नाही?"

मग त्याने जागा वाढवणे सोडले आणि प्रत्येक पायरीला नाव छापून पाहिले. दोनच नावे आळीपाळीने येत होती. मी लगेच ओळखली. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. प्रोग्राम नाव आणि आडनाव एवढेच पाहत होता. त्याच्या लेखी आजोबा आणि नातू एकच. म्हणजे बाप हाच मुलाचा मुलगा! संपणार कशी गोष्ट?

नातू म्हणाला, "आबा, कोसळला ते बरे झाले." स्टॅकची तपासणी चालू नसेल तर कधी कधी चळत वाढून शेजारच्या माहितीवर चढते आणि प्रोग्राम न थांबता चुकीचे उत्तर देतो. आपण ते खरे मानून पुढच्या पिढीला दिले असते.

असो. आता प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिला आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तीच नावे आली की वडिलांच्या नावासकट संपूर्ण नावही जुळते. तेव्हा नातेवाईकांनो, माहिती पाठवताना जन्मसाल जरूर लिहा. आठवत नसेल तर निदान कोण कोणाचा, एवढे तरी कळवा.