काँगोकाठचे दगड

कॅप्टन टकी यांचे काँगो-प्रवासाचे पुस्तक आम्ही साहसाच्या ओढीने उघडले व गुंतून पडलो पुरवणीत. ही सफर १८१६ सालची. येल्लालाच्या धबधब्यांनी नौकांची वाट अडविली; पुढे पायपीट, आणि ताप. नॉर्वेचे पंडित क्रिस्टन स्मिथ वनस्पतींबरोबर दगडही वेचीत असत. सप्टेंबरात ते वारले, ऑक्टोबरात खुद्द टकी. दगड मात्र लंडनला पोहोचले! ब्रिटिश म्यूझियममधील कोनिग यांनी ते तपासले. अभ्रक, गारगोटी भिंगाखाली ओळखता येतात. पण थर कोणत्या दिशेस कलला होता, हे हातातला तुकडा कसे सांगणार? आणि विचारावे कोणास?

आमच्या मेजावरही सह्याद्रीतला एक काळा दगड आहे. कोणत्या घाटातला, ते आम्हांस आता आठवत नाही.