सामानाची यादी

प्रवासाला निघण्यापूर्वी यादी करणारी माणसे आणि यादी न करता निघणारी माणसे अशा मनुष्यजातीच्या दोन शाखा आहेत. आणि का कोण जाणे, लग्ने मात्र नेहमी एका शाखेतून दुसरीत होतात. माझी पत्नी पहिल्या शाखेतली. आळंदीला जाऊन यायचे असले तरी आदल्या रात्री ती कागद-पेन्सिल घेऊन बसते. मी दुसऱ्या शाखेतला. दाढीचे सामान विसरणे हा मी प्रवासाचाच एक भाग मानीत आलो आहे.

तेव्हा २०२४ च्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, दुधाचा दुसरा पेला संपता संपता, ‘जानेवारीत सगळ्यांनी मिळून दोन रात्री जंगलात तंबू ठोकून राहू या’ असा ठराव पास झाला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो वाघाच्या भयाने नव्हे. पाच बिऱ्हाडे, एकोणीस माणसे, आणि त्या एकोणिसांत यादी करणारी निदान अकरा!

जागा ठरली बामणोली. साताऱ्याहून कासचे पठार ओलांडून खाली उतरले की शिवसागर जलाशयाच्या काठी हे गाव लागते. कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले आणि नदीचे खोरे शंभर टीएमसीहून अधिक पाणी पोटात घेऊन बसले, तो हा जलाशय. पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्याचे दाट रान, आणि त्या रानात वासोटा ऊर्फ व्याघ्रगड. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, लाँचने तास-दीड तास जायचे, किल्ला चढायचा आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचे. अभयारण्यात रात्री राहण्याची मनाई आहे. ती आहे हे उत्तम आहे. म्हणून तंबू अलीकडच्या काठावर, एका शेतकऱ्याच्या वावरात ठोकायचे ठरले.

यानंतरचे दोन महिने आम्ही जे काही केले त्यापुढे पानिपतची तयारीही फिकी पडावी. चेअरमनसाहेबांनी तीन उपसमित्या नेमल्या: निवास, भोजन आणि प्रथमोपचार. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरांनी चौसष्ट जिनसांची यादी मोबाइलवरच्या आमच्या गटात टाकली. तिच्यात शिट्टी होती, होकायंत्र होते, आणि ‘सुई-दोरा (काळा व पांढरा)’ असा एक हृद्य उल्लेखही होता. जंगलात कोणाचे पांढरे बटण तुटले तर काळ्या दोऱ्याने ते लावण्याचा प्रसंग येऊ नये, ही त्यामागची दृष्टी. मला या गृहस्थांविषयी त्या दिवसापासून आदर वाटू लागला.

भाड्याने आणलेल्या तंबूंची रंगीत तालीम गच्चीवर झाली. तंबूच्या खुंट्या जमिनीत ठोकायच्या असतात आणि गच्चीला जमीन नसते, हे आम्हांला तंबू उलगडल्यावर कळले. मग विटा आल्या, कुंड्या आल्या, कोणी पाण्याच्या टाकीला दोरी बांधली. पाऊणएक तासाने जे उभे राहिले ते तंबूपेक्षा आजारी हत्तीसारखे अधिक दिसत होते. मुले त्या रात्री हट्टाने त्यातच झोपली आणि दोनच्या सुमारास एकेक करून आपापल्या घरी आली. माझा मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आत घाम येतो आणि बाहेर भीती वाटते.’’

भोजनसमितीचे वर्णन करीत नाही. शेंगदाण्याची चटणी ओली न्यावी की सुकी, या एका प्रश्नावर तीन बैठका झाल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

प्रथमोपचार समितीने मात्र एक नियम केला. लाँचमध्ये चढणे-उतरणे, किल्ल्याची उभी चढण, मोठे हॉस्पिटल ते थेट साताऱ्याला. सबब पाच वर्षांखालील मुले आणि साठीपुढील वडीलधाऱ्या मंडळींना नेऊ नये. नियम शहाणपणाचा होता. मतास टाकला तेव्हा मी हात सर्वांत आधी वर केला, कारण मला घरी जाऊन उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या.

घरी येऊन पत्नीला बैठकीची हकीकत सांगू लागलो. बामणोली हा शब्द उच्चारला मात्र, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात कणकेचे होते.

‘‘कुठं म्हणालास?’’

‘‘बामणोली.’’

‘‘तिथून लाँच लागते,’’ ती म्हणाली. ‘‘आमचं गाव त्याच पाण्यात गेलं.’’ आणि थोडे थांबून, ‘‘मी पण येईन रे.’’

‘आमचं गाव पाण्यात गेलं’ हे आमच्या घरातले एक वाक्य होते. ‘तुझे आजोबा गिरणीत होते’ किंवा ‘मावशीला दमा आहे’ या वाक्यांसारखेच. लहानपणापासून ते ऐकत आलो आणि ऐकता ऐकता त्याचा अर्थ झिजून गेला. त्या खोऱ्यातली पुष्कळ बिऱ्हाडे ठाण्याला, कुलाबा जिल्ह्यात, सोलापूरकडे नेऊन वसवली. आजोबा मुंबईला गिरणीत होते म्हणून आमचे आजोळ परळच्या एका खोलीत आले. आई तेव्हा सात-आठ वर्षांची. १९६७ साली ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा परळच्या चाळीतली भांडीही खणखणली होती, ही गोष्ट आई हसत सांगते, कारण आजी झोपेतून उठून म्हणाली होती, ‘‘आता इथूनही उठवतात की काय!’’ मी वर्गात धरणग्रस्तांविषयीचे साहित्य शिकवतो. शिकवताना माझा आवाज, विद्यार्थी म्हणतात, फार छान लागतो. आणि बामणोलीचे नाव दोन महिने माझ्या तोंडात असूनही त्या वाक्याशी मी ते एकदाही जोडले नव्हते.

मी ‘‘बघू या’’ म्हणालो. मराठीतल्या भ्याड शब्दांची यादी करायची झाली तर ‘बघू या’चा नंबर पहिला लागेल.

दुसऱ्या दिवसापासून आईची तयारी सुरू झाली. तिच्या यादीला कागद नव्हता. माळ्यावरून आजोबांचे घोंगडे खाली आले, दोन दिवस उन्हात पडले. मग मला एकेक सूचना मिळू लागली. तंबूचे तोंड पाण्याकडे करू नका, पहाटे पाण्यावरून येणारा गारठा हाडात शिरतो. खोलगटात झोपू नका, थंडी रात्री उतारावरून खाली येऊन तिथे साचते. चार पावले वर चढून झोपा. वठलेल्या फांदीखाली अंथरूण टाकू नका. गुरांची म्हणून जी वाट पाण्याकडे गेलेली दिसते ती दर वेळी गुरांचीच असते असे नाही. गवेही त्याच वाटेने उतरतात, ती वाट मोकळी ठेवा. सकाळी जोडे झटकल्याशिवाय पाय घालू नका. खरकटे तंबूत ठेवू नका, अस्वलाचे नाक लांब असते.

हे सारे मी गटात लिहीत गेलो. इंजिनिअरांचा चटकन निरोप आला: ‘‘सर, फारच शास्त्रशुद्ध! थंड हवा जड असल्याने उताराने खालीच येते. कुठे वाचलेत?’’

‘‘एका जाणकारांकडून कळले,’’ असे मी उत्तर दिले. ‘माझ्या आईकडून’ असे लिहिले असते तर पुढचा प्रश्न काय आला असता, हे मला ठाऊक होते.

असे तीन आठवडे गेले. चेअरमनसाहेबांना विनंती करावी म्हणून मी तीनदा निरोप लिहिला आणि तीनदा पुसला. चौथ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी याच नियमापायी आपल्या वडिलांना घरी ठेवायचे कबूल केले होते. ते बिचारे सकाळ-संध्याकाळ गच्चीवर तंबू बघायला येत. त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने सवलत मागायची? आणि आईचा गुडघा लाँचवर चढण्याजोगा आहे की नाही, याची तरी मला कुठे खात्री होती? एकीकडे असे मनाला समजावीत होतो आणि दुसरीकडे उन्हातून घोंगडे आत आणीत होतो.

निघण्याच्या चार दिवस आधी धीर करून आईच्या खोलीत गेलो. ती पोतडीत गूळ-शेंगदाणे भरीत होती.

‘‘आई, एक सांगायचं होतं.’’

‘‘पाणी किती असेल रे आत्ता?’’ तिने विचारले.

‘‘जानेवारीत? बरंच असेल. पाऊस चांगला झाला होता.’’

‘‘मग मी कशाला येऊ? पाणी काय बघायचं? पाणी नळालाही येतं.’’ पोतडीचे तोंड बांधून तिने ती माझ्या हातात दिली. ‘‘मे महिन्यात उतरतं ते. मारुतीच्या देवळाचा चौथरा वर येतो म्हणे एखाद्या वर्षी. तुझा मामा बघून आला होता. तेव्हा ने मला.’’

नियमाची गोष्ट तिला सूनबाईने आधीच सांगितली होती की काय, हे मी आजतागायत दोघींनाही विचारलेले नाही.

सहल उत्तम झाली. तंबूंची तोंडे आम्ही पाण्याकडे पाठ करून ठेवली आणि चार पावले वर चढून झोपलो. शेजारच्या वावरात दुसरी एक मंडळी अगदी काठाशी, खोलगटात उतरली होती; पहाटे ती आमच्या शेकोटीपाशी कुडकुडत येऊन बसली. सुई-दोऱ्याची गरज पडली नाही. शिट्टीची पडली, पण ती मुलांच्या हातून काढून घेण्यासाठी. वनखात्याच्या माणसांनी आमच्या पिशव्या तपासल्या, प्लॅस्टिकच्या वस्तू मोजल्या, आणि किल्ल्यावरून परतताना त्या सगळ्या भरल्या तेव्हा भोजनसमितीने आपल्या कार्याचा पहिलाच निर्विवाद विजय साजरा केला.

लाँचमध्ये मी मागे, नावाड्याजवळ बसलो होतो. आईच्या गावाचे नाव घेऊन विचारले, ते कुठेसे होते? त्याने सुकाणूवरचा हात न काढता हनुवटीने एक जागा दाखवली. तिथे इतरत्र होते तेवढेच पाणी होते. मी फोटो काढला, आणि काढल्यावर उगाच काढला असे वाटले.

तरी घरी आल्यावर आईला तो दाखवला. तिने चष्मा लावला आणि मोबाइल हातभर लांब धरला. ती पाण्याकडे पाहतच नव्हती. पाण्याच्या वर डोंगराची जी रेघ होती तिच्यावरून तिने बोट फिरवले. बोटाने फोटो सरकला, तो मी पुन्हा जागेवर आणला.

‘‘हा आमचाच डोंगर,’’ ती म्हणाली. ‘‘पण एवढा बुटका नव्हता रे.’’

मे महिना आला. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम पंधरवड्यापुरते होते ते लांबले. चोवीस-पंचवीस तारखेला निघू, असे मी आईला सांगितले होते. परंतु २०२५ चा मे हा मे राहिलाच नाही. विसाव्या तारखेच्या सुमारास पाऊस कोसळू लागला, आणि २६ मे रोजी मोसमी वारे मुंबईला येऊन थडकले. जूनची वाट पाहायला कोणी थांबलेच नाही. खिडकीत उभी राहून आई पाऊस पाहत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. ‘‘पाणी उतरायच्या आतच चढलं की यंदा,’’ ती म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. ती एकाहत्तर वर्षांची आहे. हा आकडा मी त्या दिवशी दोनदा मोजला.

या दिवाळीच्या साफसफाईत इंजिनिअरांची चौसष्ट जिनसांची यादी एका पुस्तकात सापडली. पत्नीने तेव्हा ती छापून घेतली होती. तिच्या पाठीवर मी नवी यादी करायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच. ‘मे, पहिला आठवडा’ असे वर लिहिले. कॉलेजला रजेचा अर्ज: फेब्रुवारीतच. चारचाकी. गुडघ्याचा पट्टा. लाँचमध्ये चढण्यासाठी पाट किंवा लहान स्टूल. टोपी, पाणी, गोळ्या. मामांना फोन करून चौथऱ्याची खूण विचारणे.

आई शेजारी करंज्यांना मुरड घालीत बसली होती. तिने मान वाकवून यादी वाचली.

‘‘नारळ लिही,’’ ती म्हणाली. ‘‘मारुतीला रिकाम्या हातानं जायचं का?’’

मी नारळ लिहिला.

‘‘आणि खराटा. चौथऱ्यावर गाळ असेल.’’