हरळीचं पेर

"आबा, हरळी लावायची आहे. चांगली कुठे मिळेल?" असं मी फोनवर विचारलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या चार एकरांतून हरळी काढण्यात आबांची उभी हयात गेली. उन्हाळ्यात खोल नांगरट झाली की आई, आत्या आणि आम्ही भावंडं ढेकळांमागून फिरायचो. पांढऱ्या, चिवट काशा वेचून पाटीत टाकायच्या, बांधाला ढीग घालायचा आणि वाळला की पेटवून द्यायचा. कुंदा, लव्हाळा आणि हरळी ही आमच्या घरात वैऱ्यांची नावं. आता त्याच हरळीला त्यांचा मुलगा पुण्यात पैसे घेऊन लावणार होता.

शेवटी आबा म्हणाले, "बांधावरची ने. जनावरं तुडवतात तिथली. रानातली लांब पेराची असते, ती तुझ्या कामाची नाही."

काम कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याचं होतं. पुढच्या अंगणात साधारण नऊशे चौरस फुटांची हिरवळ. तिच्यावर पूर्वी मोठा गुलमोहर होता आणि त्याच्या सावलीत रुंद पानांचं, मऊ गवत लावलेलं होतं. नर्सरीत त्याला कुणी शेड ग्रास म्हणतं, कुणी कार्पेट ग्रास. मूळचं ते अमेरिका खंडातल्या उष्ण, ओलसर भागातलं. सावली आणि पाणी मिळालं की सुखानं राहतं. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात गुलमोहर पडला आणि त्या गवताचं छप्परच गेलं. मार्च सरला की पानांच्या कडा कागदासारख्या वाळायच्या. त्याला जगवायला बंगल्याच्या मालकीण काकू संध्याकाळी दीड-दोन तास पाणी मारायच्या. मे महिन्यात टँकरचं. गवत वाईट नव्हतं. त्याची जागा बदलली होती.

तयार हिरवळीचे गालिचे अंथरून द्यायचं कोटेशन काकूंनी एकाकडून मागवलं होतं. गालिचे, दोन ब्रास पोयटा आणि मजुरी मिळून तीस हजारांच्या वर जात होतं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, पेन्शनवर घर चालवणाऱ्या. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दादा, कमी पैशांत होईल असं काही नाही का हो?"

आहे, पण त्याला पाच-सहा महिने लागतात, आणि त्यातले तीन महिने अंगण उघडंबोडकं दिसतं. गालिचा दोन दिवसांत हिरवं करून देतो, पैसे त्या घाईचे असतात. काकू म्हणाल्या, दिसू दे.

घाई मीही एकदा केली आहे. धंद्यात नवा असताना एका सोसायटीत जुनं गवत न काढता वर चार इंच पोयटा पसरला आणि त्यावर गालिचे अंथरले. आषाढात सगळे खूश होते. श्रावणात लव्हाळ्याच्या सुया गालिच्यातून वर आल्या, भाद्रपदापर्यंत गालिचा खाली आणि लव्हाळा वर. काही लव्हाळा जुन्या जमिनीतला होता, काही त्या विकतच्या पोयट्यातून आलेला. ते काम मी पदरच्या पैशांनी पुन्हा केलं. तेव्हापासून कुठलंही गवत बदलायच्या आधी मी एक ठोंब मुळासकट उपटतो, पाण्यात धुतो आणि ते जमिनीखाली कसं राहतं ते बघतो.

काकूंच्या अंगणातलं रुंद पानांचं गवत जमिनीवरूनच धावणारं. पेरापेराला मुळं टाकतं, पण खोल काही दडवून ठेवत नाही. म्हणून ते घोंगडीसारखं सोलून निघतं. मार्चच्या सुरुवातीला पाणी तोडलं. तीन आठवड्यांनी फावड्यानं दोन इंचांचा थर काढत गेलो. दोन माणसं, दोन दिवस. निघालेला प्रत्येक तुकडा घमेल्यावर आपटून माती झाडून घेतली, कारण गवताबरोबर माती गेली तर ती पुन्हा विकत आणावी लागते आणि स्वस्ताईचं सगळं गणित तिथेच बिघडतं. सोललेलं गवत कोपऱ्यात उलटं, मुळं वर करून रचलं आणि झाकलं. दिवाळीपर्यंत त्याचं खत झालं.

लव्हाळ्याचं मात्र तसं नाही. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेतल्या मण्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. वरचं पातं उपटलं की मधला धागा तुटतो आणि इतका वेळ झोपलेली पुढची गाठ जागी होते. म्हणून मोकळ्या जमिनीला मी मुद्दाम भरपूर पाणी दिलं. काकूंना ते विचित्र वाटलं. पण आठ-दहा दिवसांत जिथे जिथे लव्हाळा होता तिथे त्यानं स्वतःच हात वर केला. खुरप्याच्या टोकानं प्रत्येक रोपाच्या बुडाशी जाऊन गाठ काढायची. पुन्हा पाणी, पुन्हा खुरपं. दोन खेपांत अर्धी पाटी गाठी निघाल्या.

मग जमीन सपाट करून, ओली करून, पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरलं आणि कडा मातीत गाडल्या. बरेच जण काळं प्लास्टिक घालतात. काळं स्वतः तापतं. पारदर्शकातून ऊन थेट मातीपर्यंत जातं आणि ऊब आत कोंडून राहते. माती ओली हवी, कारण ओल्या मातीत उष्णता खोल उतरते आणि भिजून फुगलेलं बी लवकर मरतं. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत सहा आठवडे पुण्याचं ऊन त्या कागदाखाली काम करत होतं. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी यानं मरत नाहीत, हे काकूंना आधीच सांगून ठेवलं. वरच्या दोन-चार इंचांतलं तणाचं बी मात्र बहुतेक संपतं.

हरळी मी फेब्रुवारीतच आणून ठेवली होती. आबा स्वतः बांधावर आले. काठी टेकत वाकले, एक धागा उचलून दोन बोटांत धरला आणि पेरं मोजल्यासारखं करून माझ्याकडे दिला. बारीक पान, आखूड पेर. दोन पोती भरली. परसात दहा फूट बाय चार फुटांचा वाफा करून ती लावली आणि जूनपर्यंत वाढू दिली. नऊशे फुटांना लागणारी हरळी अशी दोन पोत्यांतून झाली. विकत काही घ्यावं लागलं नाही.

निघताना आबा म्हणाले, "ओल्यात तोडू नको हिला. जेवढे तुकडे, तेवढी रोपं." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मला तेच तर करायचं होतं. शेतात पावसाळी कुळवणीनं हरळी वाढते, कारण कुळव तिचे तुकडे करून ओल्या मातीत पसरतो. आबांनी चाळीस वर्षं जे टाळलं, तेच मी मृगाचा पाऊस होऊन वाफसा आल्यावर नेमानं केलं.

माळ्यांची जुनी रीत आहे. हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे. दोन घमेली तुकडे, एक घमेलं माती, एक घमेलं ताजं शेण, वर थोडी चुलीतली राख. पाणी घालून दाटसर काला करायचा आणि ओल्या जमिनीवर इंचभर जाडीनं सारवल्यासारखा लिंपत जायचा. वर पालापाचोळ्याचा पातळ थर, आणि पाणी फक्त झारीनं. मला या कामाइतकं दुसरं कुठलंच आवडत नाही. हात कोपरापर्यंत शेणात असतात, आणि अंगण सारवणारी आई आठवते. काकूही पदर खोचून बसल्या. एक कोपरा त्यांनी एकटीनं लिंपला.

फाटकाकडच्या उतारावर मी काला केला नाही. आर्द्राच्या सरींत तो वाहून गेला असता. तिथे चार-चार बोटांवर काडीनं भोक पाडून मुळांसकट ठोंब रोवले. आणि भिंतीलगत आंब्याखाली जुनं रुंद पानांचंच गवत ठेवलं. हरळीला ऊन लागतं. सावलीत ती विरळ होऊन मरते. काकूंना सगळं एकसारखं हवं होतं. मी ऐकलं नाही, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

बाराव्या दिवशी पाल्याखालून हिरवे ठिपके दिसू लागले. दोन इंच वाढल्यावर धारेच्या पात्यानं फक्त शेंडा कापला. वर जायची वाट बंद झाली की हरळी आडवी धावते. गणपतीपर्यंत माती दिसेनाशी झाली, आणि त्या वर्षी काकूंनी दूर्वांच्या जुड्या अंगणातूनच काढल्या. लव्हाळा पन्नास-साठ ठिकाणी वर आला. दर रविवारी खुरपं घेऊन त्याला भेटावं लागलं. डिसेंबरात हिरवळ पिवळसर पडली तेव्हा काकूंचा घाबरा फोन आला. थंडीत हरळी अशीच निजते, फेब्रुवारीत उठते, असं सांगितल्यावर त्यांनी पाणी मारणं थांबवलं. एकूण खर्च मजुरी, प्लास्टिक आणि शेण धरून साडेसात हजारांच्या आत राहिला.

आता दर पंधरा दिवसांनी मी तिथे जातो. हरळी गुलाबाच्या आळ्यांकडे धावते. कडेनं फावडं उभं मारून तिला तोडावं लागतं, आणि आळ्यात शिरलेली काशी शेवटच्या पेरापर्यंत ओढून काढावी लागते. तुटली तर पुढच्या खेपेला तिथून दोन निघतात. हे हाताला लहानपणापासून माहीत आहे. फरक एवढाच की काशा मी आता जाळत नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधतो. वारज्यात एकांचं अंगण जूनची वाट बघतंय.