थंड इंजिन



मुंबईच्या थंडीविषयी बोलू लागले की निफाड-नाशिककडचे माझे विद्यार्थी हसतात आणि त्यांचे हसणे रास्तच आहे. या शहराच्या नोंदींतले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आणि तेही २२ जानेवारी १९६२ चे. फेब्रुवारी २००८ मध्ये मात्र पारा पुन्हा दहा अंशांखाली उतरला होता. त्याच दिवसांतल्या एका रविवारी, सकाळी सात वाजता, परळच्या एका जुन्या शेडमध्ये मी एका मोटारीपुढे हतबल होऊन उभी होते.

मोटार माझ्या मामांची होती. एम.जी. टीसी, १९४८ ची. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १० हजार गाड्या तयार झाल्या. दोनच आसने, तारांच्या आऱ्यांची उंच चाके, १२५० सीसीचे इंजिन. काटेकोरपणे पाहिले तर ‘विंटेज’ ही संज्ञा १९३० पर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. पण मुंबईत जुनी आणि जपलेली प्रत्येक गाडी विंटेजच. मामा गिरगावात दोन खोल्यांत राहिले. चाळीच्या गल्लीत गाडीला जागा नव्हती, म्हणून ती परळला एका स्नेह्याच्या शेडमध्ये राहिली आणि मामा दर रविवारी बसने जाऊन तिची विचारपूस करीत. २००७ च्या आरंभी ते गेले. मामींच्या हाताशी फारसे काही उरले नव्हते. गाडी विकायची ठरली. गिऱ्हाइकाची अट एकच होती: पुढच्या रविवारी मी येईन तेव्हा इंजिन थंड असले पाहिजे आणि माझ्या डोळ्यांदेखत ते सुरू झाले पाहिजे. तापलेले इंजिन आपले दोष लपवते, हे त्यांना ठाऊक होते.

गाडी वर्षभर उभी होती. मी कंपनीची माहितीपुस्तिका उघडली. किल्ली फिरवताच पेट्रोलच्या पंपाची टिकटिक सुरू झाली आणि थांबली. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी चोक ओढला, स्टार्टर ओढला. इंजिन दोनदा कण्हले. मी पुन्हा ओढला. पुन्हा, आणि पुन्हा. दहा मिनिटांत बॅटरी उतरली आणि शेडभर पेट्रोलचा वास पसरला.

शेवटी लालबागच्या गल्लीतून मेस्त्रींना बोलावले. मामांची गाडी तेच पाहत. मूळचे ते गिरणीतले फिटर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो मागे घेतल्याचे कुणी कधी रीतसर जाहीर केले नाही आणि मेस्त्रींना त्यांच्या खात्यात पुन्हा पाऊल ठेवता आले नाही. तेव्हापासून ते मोटारी दुरुस्त करीत. शेडच्या दारातच त्यांनी हवा हुंगली.

“बाई, लई पाजलंत तिला.”

चोक म्हणजे काय, हे मी त्यांना समजावू लागले. भाषाशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ सांगण्याची खोड असते. चोक म्हणजे गळा आवळणे; हवेची वाट अडवली जाते म्हणून हे नाव. मेस्त्रींनी ऐकून घेतले. मग कार्बोरेटरची हवेची नळी काढली आणि बॅटरी दाखवत मला आत पाहायला सांगितले. हवा अडवणारी झडप तिथे नव्हतीच. चोक ओढला की खालची बारीक तोटी थोडी खाली सरके आणि सुईभोवतीची फट वाढून पेट्रोल अधिक येई.

“हिच्यात गळा आवळत न्हाईत, बाई. थंड इंजिनाला जरा जास्त वाढत्यात, एवढंच.”

कारणही त्यांनी सांगितले. इंजिन थंड असताना पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. पुष्कळसे थेंब नळीच्या भिंतीलाच चिकटतात. म्हणून आरंभी जास्त द्यावे लागते आणि इंजिन तापत जाईल तसा चोक हळूहळू आत सारावा लागतो. माझ्यासारखे देतच राहिले तर प्लग भिजतात आणि ठिणगी पडत नाही.

“पण हे सगळे थंडीमुळेच ना?” मी विचारले.

“थंडी निमित्ताला. हिच्या मुलखात बर्फ पडतं. ही बिघडली ती उभी राहून.”

वर्षभरात पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून गेला होता. ते शिळे पेट्रोल त्यांनी काढून टाकले. प्लग काढून स्टोव्हवर शेकले. बॅटरी चार्जिंगला पाठवली. मग म्हणाले, “आता डेल्को बघू.”

मी पुन्हा दुरुस्ती केली. डेल्को नव्हे, डिस्ट्रिब्यूटर. आणि तो ल्यूकस कंपनीचा आहे. मेस्त्री हसले आणि पॉइंट घासू लागले. पुढे मी शोध घेतला. डेल्को म्हणजे डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, ही अमेरिकेतली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर दिला तो याच कंपनीने. म्हणजे मेस्त्रींच्या बोलण्यातला ‘सेल्फ’ आणि ‘डेल्को’ एकाच घरचे निघाले. डालडा आणि झेरॉक्स आपण विनातक्रार मराठी मानतो. मग डेल्कोलाच का अडवावे? तुमच्या कामाच्या ठिकाणीही असे शब्द असतील. ते अशुद्ध ठरवण्याआधी त्यांचा प्रवास पाहा.

पुढच्या रविवारी गिऱ्हाईक आले, मामी आल्या. मेस्त्रींनी सेल्फ मारलाच नाही. सेल्फ बॅटरीचा जोर खातो, मग ठिणगीला कमी पडतो, असे म्हणून त्यांनी पुढून हँडल लावले. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवला, कारण हँडल उलटे फिरले तर अंगठा मोडतो. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन बोलू लागले. मामींनी पदर डोळ्यांना लावला. व्यवहार ठरल्या रकमेला झाला.

हात धुताना मेस्त्रींनी मला बाजूला बोलावले.

“बाई, मी नववी शिकलोय. त्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठात मराठीचं बी.ए. मला जमंल का?”

मी म्हणाले, “आता कशाला, मेस्त्री? या वयात?”

हे मी सहज, अगदी हसत म्हणाले. तेही हसले. “खरं हाय,” म्हणाले आणि हत्यारे गोळा करू लागले.

मामींना घेऊन टॅक्सीने गिरगावात परतताना ते हसणे माझ्याबरोबर आले. चोक या शब्दाचा जो अर्थ त्यांनी मला चुकीचा म्हणून दाखवला होता, तोच मी त्यांच्यापुढे खरा करून दाखवला होता. थंड इंजिनाला थोडे जास्त वाढायचे असते; मी गळा आवळला.

जूनमध्ये प्रवेशाचे माहितीपत्रक घेऊन मी लालबागला गेले. बारावी न झालेल्यांसाठी तेव्हा पूर्वतयारीचा शिक्षणक्रम असे, हे त्यांना सांगायचे होते. गॅरेजच्या जागेभोवती पत्रे लागले होते. शेजारच्या पानवाल्याला एवढेच ठाऊक होते की मेस्त्री गावी गेले.

मेस्त्रींनी विचारलेला प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी प्रवेशाआधी कुणाला तरी विचारला असेल आणि माझ्यासारखेच उत्तर ऐकले असेल. तरी तुम्ही ही पुस्तिका उघडली आहे. पहिले घटक जड जातील. एक पान तीनदा वाचावे लागेल. तो तुमच्या वयाचा दोष समजू नका. इतकी वर्षे वाचन उभे राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ. आरंभी स्वतःला थोडा जास्त वेळ वाढा.

आणि मेस्त्री, ही पुस्तिका कुठून तरी तुमच्या हाती आलीच, तर त्या दिवशीचे माझे उत्तर मागे घेते. जमेल.