काचेतल्या बाळाच्या अधिवृक्क ग्रंथीस

प्रिय अधिवृक्क ग्रंथी,

बाहेर बाकावर आजी बसल्या आहेत. कुणाचा फोन आला की एवढंच सांगतात, "बाळ काचेत आहे." मी आत, त्या काचेपाशी उभी आहे. बत्तिसाव्या आठवड्यात आलेलं बाळ दर श्वासाला कण्हतंय. नाकपुड्या फुलतात, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते. तळपाय हाताला गार लागतात.

हा गारवा तुझी करणी. रक्तातला ऑक्सिजन उतरला की तू नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतेस आणि कातडीचं, आतड्याचं रक्त कमी करून मेंदूकडे, हृदयाकडे वळवतेस. यकृतातली साखर मोकळी करतेस. फुप्फुसातलं पाणी शोषायला लावतेस. मोठ्या माणसात यासाठी मज्जातंतूंचा निरोप यावा लागतो. जन्माच्या सुमारास मात्र तुझ्या पेशींना ऑक्सिजनची चणचण आपली आपण कळते, असं प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. एवढ्याशा जिवाच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली तू, आणि कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाहीस!

पण ही सगळी उसनवारी आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या यकृतात साखर असते किती? ऊब आणायला तपकिरी चरबी पेटवायची, तर तिलाही ऑक्सिजनच लागतो. तिकडे मेंदूतून आलेलं व्हॅसोप्रेसिन पाणी धरून ठेवतं, लघवी घटते. तू सगळं ओढून धरतेस म्हणून मॉनिटरवर रक्तदाबाचा आकडा बरा दिसतो आणि आम्ही तासभर निर्धास्त राहतो. त्या तासाचा मला राग येतो.

तुझं दुसरं संप्रेरक कॉर्टिसॉल. ते बाळाची फुप्फुसं पिकवतं. त्याच जातीचं औषध आईला आधीच दिलं तर कमी दिवसांच्या बाळांना श्वासाचा त्रास कमी होतो, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली न्यूझीलंडमध्ये दाखवलं. आपल्याकडे डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी. या बाळाच्या आईला एकच मिळालं. कळा रात्री सुरू झाल्या होत्या. घरचे सकाळपर्यंत थांबले.

म्हणून हे पत्र तुझ्या नावे असलं तरी घरोघरी वाचलं जावं. सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या तर उजाडायची वाट पाहू नका. आणि नवजात बाळ दर श्वासाला कण्हत असेल, तर उबेत गुंडाळून त्याच घटकेला दवाखान्यात न्या.

तुझी,
रात्रपाळीची परिचारिका