झिऱ्याकाठची भाषा

माझं गाव पिंपळगाव राजा. नांदुऱ्याहून येरळीच्या पुलावर पूर्णा ओलांडली, की काळ्या शेतांपलीकडे, जळगाव जामोदच्या पुढे सातपुडा दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी सोनबर्डी, कुंवरदेव, चालठाणा या वस्त्यांत निहाली बोलली जाते. बोलणारे अंदाजे २,००० ते २,५००. जनगणनेत १०,०००पेक्षा कमी भाषकांच्या भाषेला १९७१पासून स्वतंत्र रकाना मिळत नाही, त्यामुळे आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या या भाषेचं नाव कित्येकांनी ऐकलेलं नसतं.

निहालीला जगात सख्खं नातं नाही. १९०६मध्ये स्टेन कोनोव यांनी तिला मुंडा भाषांच्या पंगतीत बसवलं. १९६२मध्ये डच अभ्यासक कायपर यांनी दाखवून दिलं, की तिचे कितीतरी शब्द कोणत्याच शेजाऱ्याकडून आलेले नाहीत. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४मध्ये के. एस. नागराज यांचा निहालीवरचा ग्रंथ काढला.

हे सगळं वाचून मी पहिल्यांदा निहालींच्या वस्तीत गेले, ओट्यावर बसले आणि शब्दांची यादी विचारू लागले. उत्तरं आदबीने मिळाली, पण बहुतेक शेजारच्या कोरकू भाषेत. कोरकूंच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या या माणसांनी आपली भाषा परक्याला कळू नये म्हणूनही जपली आहे. ती पाहुणीसमोर का काढावी?

दुपारी एका काकूंबरोबर पाण्याला गेले. वैशाखातला नाला, नुसती वाळू. काकूंनी बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून झिरा खणला. वाळू काळपट झाली, तळाशी पाणी जमलं. गढूळ पाणी त्यांनी वाटीने तीनदा उपसलं. मी ओंजळ पुढे केली, तर म्हणाल्या, "थांब बाई, बसू दे." मग नातीकडे वळून त्यांनी हंडा मागितला, आणि त्या बोलण्यात माझ्या कानांनी शब्द टिपला: जोप्पो. पाणी. नंतर झाडाकडे बोट गेलं तेव्हा अड्डो आला, पाखरू उडालं तेव्हा पोये. ओट्यावर मी हेच विचारलं होतं.

निहालीत एकाला बिडुम म्हणतात. दोनासाठी इरार, चारासाठी नालो. या शेवटच्या दोघांचं वळण द्राविडी. पाचापासून पुढे आपल्यासारखेच आकडे. मोजणी इतरांशी व्यवहार करताना लागते, म्हणून ती उसनी आली असावी. पाणी, झाड, पाखरू यांच्यासाठी कुणाच्या दारी जावं लागलं नाही.

म्हणून ध्वनिमुद्रणं आणि कोश हवेतच, पण तेवढ्याने भागणार नाही. डोंगरावर जंगल राहिलं, नाल्यात वाळू राहिली, तरच झिरा पाझरेल, आणि जोप्पो हा शब्द बोलायला जागा उरेल.

त्या दुपारी नातीने आजीला उत्तर दिलं ते कोरकूत. पण हंडा ठेवून ती चार पावलं वर गेली आणि वाळूवर तळवा टेकत एका जागी थांबली. तिथे खणलं, तर हातभर खोलीवर पाणी लागलं. आजीने पुन्हा तोच शब्द उच्चारला. या खेपेला नात मान डोलावत ऐकत होती.