फक्कीच्या रेघा

मैदान तयार होताना बघायचं असेल तर रविवारी साडेसातच्या आत पोचावं लागतं. तोवर ते मैदान नसतंच. रात्रभर उभा असलेला एखादा टेम्पो असतो, त्याच्या सावलीत दोन कुत्री, कालच्या हळदीच्या मांडवाचे उपटायचे राहिलेले चार बांबू. मग एक म्हातारा सायकलवरून येतो. हँडलला फक्कीची पिशवी आणि तळाला खिळ्याने भोकं पाडलेला डालडाचा जुना डबा. दोन खुंट्यांना सुतळी ताणून तिच्या कडेने तो वाकून डबा झटकत चालत जातो. मागे पांढरी रेघ उमटते. चारी बाजूंनी रेघ जुळली की टेम्पोवाल्याला कोणीतरी हाक मारतं, टेम्पो निघतो आणि जागा एकदम मोठी होते.

गेली अकरा वर्षं मी हे बघायला रविवारी घराबाहेर पडतो. ठाणे ते कल्याण, मध्ये डोंबिवली हे घर. आत आणि आजूबाजूला गावं, पाडे, कॉलन्या. जिथे कोणीतरी कोणाविरुद्ध खेळतंय आणि तिकीट नाही, ते मैदान माझ्या यादीतलं. संघ माझा कुठलाच नाही. दुपारी घरी परतल्यावर बायको विचारते, "कोण जिंकलं?" तेव्हा मला आठवून सांगावं लागतं. नाव विचारलंत, तर तेही बऱ्याचदा एखाद्या चषकाचंच आठवतं. आमदार चषक, नगरसेवक चषक, सरपंच चषक. संघांची नावं बदलतात, चषक मात्र तेच.

या खुळाला परदेशात रीतसर नाव आहे हे शेफिल्डला शिकायला गेलेल्या भाच्याने सांगितलं. "मामा, तुझ्यासारखी माणसं इथे वह्या घेऊन फिरतात," तो फोनवर म्हणाला. ग्राउंडहॉपर म्हणतात त्यांना. फुटबॉलची लहान लहान मैदानं पालथी घालायची, प्रत्येकावर एक तरी सामना बघायचा आणि नोंद करायची. इंग्लंडातल्या वरच्या चार श्रेण्यांत ९२ क्लब आहेत; त्या सगळ्यांच्या मैदानांवर सामना बघून झालेल्यांचा एक वेगळाच '९२ क्लब' आहे. पण पक्क्या हॉपरला ते ९२ म्हणजे चारधाम यात्रा वाटते, कोणीही करावी अशी. त्याचा जीव त्याखालच्या पायऱ्यांवर रमतो. तिथे प्रेक्षक मोजता येतात, चहा बाप्यांच्या बायका विकतात आणि गोलपोस्टमागे कोणाचं तरी परसदार असतं. त्यांच्यातही सोवळं-ओवळं आहे म्हणे. अर्धा सामना बघितला तर मैदान धरायचं का? एकही गोल झाला नाही तर? यावर माणसं वर्षानुवर्षं वाद घालतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे एकादशीला साबुदाणा चालतो की नाही यावर जो गंभीरपणा असतो, तोच हा.

भाच्याने मग सँडीगेटचा फोटो पाठवला. शेफिल्डच्या एका टोकाला उतारावरचं हे मैदान. हॅलम नावाचा क्लब तिथे १८६० पासून खेळतो, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला तिथे हॅलम आणि शेफिल्ड या दोन क्लबांचा सामना झाला. दोन वेगवेगळ्या क्लबांमधला जगातला पहिला फुटबॉल सामना म्हणून तो मोजतात. त्याच्या सात वर्षं आधी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती, आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत आली. मी भाच्याला हे मुद्दाम कळवलं. आपलंही काहीतरी जुनं आहे हे सांगायची हौस, दुसरं काय. पण फोटोत मी बराच वेळ बघत राहिलो तो उतार. दीडशेहून जास्त वर्षं एका बाजूचा संघ चढावर खेळतोय आणि कोणी जमीन सपाट केली नाही.

आमच्याकडे पहिला घोळ हाच होतो, की मोजायचं काय? डोंबिवली पश्चिमेचं भागशाळा मैदान घ्या. पहाटे ते चालणाऱ्यांचं असतं; आजोबा लोक कडेकडेने फेऱ्या घालतात, मफलर गुंडाळून, जणू डोंबिवलीत बर्फ पडतो. नऊला तिथे क्रिकेटचे तीन-चार सामने एकमेकांत विणलेले. एका सामन्याचा मिड-ऑफ दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगला जवळजवळ पाठ टेकून उभा. दोघांचे कप्तान वेगळे, धावफलक वेगळे, चेंडू मात्र सारखेच, हिरवे, टेनिसचे, त्यामुळे आलेला चेंडू कोणाचा यावर दिवसातून एकदा तरी बाचाबाची. "काका, बॉल!" ही आरोळी आली की चालणारे आजोबा चपलेने चेंडू अडवतात आणि उलट्याच सामन्यात फेकतात. सणासुदीला जिथे मोकळी जागा, तिथे मांडव. पावसात हीच जमीन फुटबॉलची. सरकारी कागदावर मैदान एक, माझ्या वहीत त्याच्या नोंदी चार. भाचा म्हणाला, "असं चालत नाही, मैदान म्हणजे एक जागा." त्याला कसं समजवावं की इथे जागा आम्हाला मिळत नाही, मिळतात ते तास, आणि तेही वाटून घ्यावे लागतात.

अजिंक्य रहाणे याच गावात वाढला. सातव्या वर्षी वडिलांनी त्याला मॅटिंगच्या खेळपट्टीवरच्या एका लहानशा शिबिरात घातलं, कारण मोठं प्रशिक्षण परवडत नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबावर त्याच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवलं तेव्हा मी टीव्हीवरचं ते अवाढव्य हिरवंगार मैदान बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढे येत होतं चार कोपऱ्यांना खिळे ठोकून ताणलेलं काथ्याचं मॅटिंग. मॅटिंगच्या कडेला चेंडू लागला की कुठेही जातो. त्यातून बॅट सरळ ठेवायला शिकलेला पोरगा हे आमच्याच मैदानांचं पीक, अशी माझी ठाम आणि पुराव्याशिवायची समजूत आहे.

भाताची कापणी झाली की मी पूर्वेला, गावांकडे वळतो. '२७ गावं' हा शब्द डोंबिवलीत राहणाऱ्याला सांगावा लागत नाही. भोपर, काटई, निळजे. धसकटं काढून मधला पट्टा पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेला. बांधापलीकडे गेला तर चौकार. एका बाजूला मंडप, मंडपात पाहुण्यांसाठी लग्नाचा सोफा आणि माईकवर समालोचक. हे समालोचक माझ्या मते ठाणे जिल्ह्यातले सर्वांत दुर्लक्षित कलावंत. दिवसभर सलग बोलतात. षटकाराला त्यांच्याकडे जेवढी विशेषणं आहेत तेवढी कीर्तनकारांकडेही नसतील. "चेंडू गेला पाहुण्यांच्या बिर्याणीत!" हे मी स्वतः ऐकलंय, आणि पातेल्यावरचं झाकण वाजलेलंही. मधूनच सामना थांबतो, कारण मान्यवर आलेत. शाल, श्रीफळ, दोन शब्द. फलंदाज बॅटवर हनुवटी ठेवून उभा राहतो. मालिकावीराची मोटरसायकल मंडपाशेजारी हार घालून उभी असते, आणि लहान पोरं तिच्या सीटवर हळूच हात फिरवून जातात.

त्या शेतांपैकी काही आता राहिली नाहीत. माझ्या वहीतल्या तीन नोंदींवर आज गाड्या उभ्या राहतात, त्यातल्या एकीवर बहुधा तळघरात. सँडीगेटचा उतार कोणी सपाट केला नाही, आमच्याकडे सपाट शेतांवर तीस मजली चढ उभे राहिले. यात तक्रारीचा सूर लावायला मला जड जातं, कारण मी राहतो ती इमारतही कोणाच्या तरी शेतावरच आहे.

टेनिस चेंडूचं हेच क्रिकेट मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये दिव्यांच्या झोतात शिरलं. इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग. सितारे, कॅमेरे, लिलावात विकत घेतलेली पोरं. मी एक सामना बघून आलो. छान होता. खुर्चीवर नंबर होता. वहीत नोंद केली नाही.

कल्याणचं वायलेनगर मात्र मी मुद्दाम गाठलं, सामना नसताना, म्हणजे स्वतःचाच नियम मोडून. तिथल्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने के. सी. गांधी शाळेकडून नाबाद १००९ धावा केल्या. क्रिकेटमध्ये चार आकडी खेळी तोवर कोणी केली नव्हती. आधीचा विक्रम एकशे सोळा वर्षांचा जुना: जून १८९९ मध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या मुलाने चार-पाच दुपारी मिळून केलेल्या नाबाद ६२८. तोही असाच शालेय सामना, असंच आडबाजूचं मैदान. प्रणवच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या आर्य गुरुकुलच्या पोरांनी ३१ आणि ५२ केल्या. तेव्हा खूप चर्चा झाली, समोरचा संघ किती कच्चा, सीमारेषा किती जवळ वगैरे. मला तिथे उभं राहून वेगळंच गणित सुचलं. १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे एका फलंदाजासाठी चेंडू १८८ वेळा सीमेपार गेला. आणि दर वेळी कोणीतरी तो आणला. त्या पोरांची नावं कुठल्याही विक्रमाच्या पुस्तकात नाहीत. दोन दिवस ती पळाली, चेंडू परत फेकत राहिली, आणि त्यांच्यापैकी कोणी "मी नाही जा आता" म्हटल्याचं ऐकिवात नाही. मैदानावर तेव्हा एक बाई कपडे वाळत घालत होत्या. मी काय बघतोय असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, मैदान." त्यांनी संशयाने चादर सारखी केली.

फुटबॉलचं खरं वेड बघायचं तर कोल्हापूरच. तिथे संघांची नावंच पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. म्हणजे लाल मातीतल्या पैलवानांनी बूट चढवले आणि पेठ अंगात घेऊन शाहू स्टेडियमवर उतरले. आमच्याकडे पेठाच नाहीत; आमची ओळख इस्ट-वेस्ट, आणि जिन्याच्या कुठल्या बाजूला उतरतो यावर कोणी गोल मारत नाही. आमचा फुटबॉल पावसाळी. मुंबईने १९४८ पासून कांगा लीगच्या नावाने भर पावसात क्रिकेट खेळायचा हट्ट चालवलाय, तो हट्ट आम्ही घेतला नाही. जून लागला की स्टंप माळ्यावर.

आणि माझी आवडती मैदानं ही पावसातलीच. त्यातली बरीचशी मला लोकलच्या दारातून सापडली. धीम्या गाडीने मुंब्र्याकडून जाताना खाडीच्या बाजूला, रुळांच्या खालच्या अंगाला एखादा चौकोन चमकतो. गुडघाभर चिखलात दहा-बारा अंगं, सगळी एकाच रंगाची झालेली. दोन स्टेशनांच्या मधला खांब क्रमांक मनात धरायचा, पुढच्या रविवारी शोधत जायचं. मेगाब्लॉक नसेल तर. बऱ्याचदा असतोच, आणि मग रिक्षावाल्याला सांगताना पंचाईत: "ते मैदान... रुळांच्या मागे... नाल्याच्या पलीकडे." एकदा एकाने मला सरळ स्मशानाशी नेऊन सोडलं. तिथेही कडेला दोन गोलपोस्ट होत्या, मी नोंद केली.

मागच्या श्रावणातली नोंद ही शेवटची. कल्याणात रेल्वेच्या एका मैदानावर सोळा वर्षांखालचे दोन संघ. फक्कीवाला तोच, सायकलवाला. सकाळी त्याने रेघा आखल्या आणि पहिली पंधरा मिनिटं होण्याआधीच सर आली. रेघा दुधासारख्या पसरल्या आणि गेल्या. तरी सामना चालू राहिला. सगळ्यांना साधारण अंदाज होता. मध्यंतरानंतर चेंडू नाल्यात गेला. नाल्याकाठी बांबूला पोतं बांधून ठेवलेलं असतं, त्याने एकाने तो काढला, शर्टाला पुसला. पुढच्याच चढाईत कडेवरून क्रॉस आला, गोल झाला, आणि भांडण पेटलं. चेंडू बाहेर गेला होता की नाही? रेघच नव्हती. पंच आडव्या पावसात शिटी तोंडात धरून उभे. पोरं पायाने चिखलात रेघ काढून दाखवत होती, दोन्ही संघांची रेघ वेगवेगळ्या जागी.

मग कोणीतरी शेडकडे बघून ओरडलं, "बाबा, इकडे या जरा."

म्हातारा छत्री उघडून आला. गोलपोस्टच्या खांबाशी थांबला, तिथून कोपऱ्यापर्यंत पावलं मोजत गेला. खाली त्याने बघितलंच नाही; बघायला काही नव्हतंही. परत फिरला आणि बाजूच्या रेघेवरून, म्हणजे ती जिथे होती तिथून, चालत आला. अर्ध्यात थांबला. "इथं," म्हणाला.

पंचांनी गोल नाकारला. कोणी हुज्जत घातली नाही.

तो मात्र परत शेडमध्ये गेला नाही. सामना संपेपर्यंत छत्री घेऊन तिथेच उभा राहिला, आणि चेंडू त्याच्या अंगावरून पलीकडे गेला की दोन्ही संघांची पोरं आपणहून थांबत होती.